डाव्या स्पीकरची खरखर

आमचं भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे, माझ्या आजोबांनी टाकलेलं. या धंद्यात भोळ्या माणसाचं काम नाही. लोक जुनी मोड घेऊन येतात आणि नवं भांडं मागतात. वजन वाढावं म्हणून त्या मोडीतल्या समईच्या बुडात कोणी लाख भरलेली असते, गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्याच्या, दुमडलेल्या काठात कोणी माती कोंबलेली असते. म्हणून वडिलांनी मला पाढ्यांच्या आधी टिचकी शिकवली. भांडं बोटांवर तोलायचं, टिचकी मारायची आणि कान द्यायचा. आत काही लपवलेलं असेल तर भांडं सांगतं. ही सवय अशी लागली की दुकान बंद करून घरी आलो तरी टिचकी चालूच. दूधवाला असो, गॅसवाला असो, की लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, कोणीही दारात उभा राहिला की माझ्या मनात आधी हेच येतं, याच्या बुडात काय भरलंय? बायको म्हणते, "याईले देवानं प्रसाद देल्ला तरी हे आधी वजन करून पाहतील."

मी डोळे मिटून मानतो अशा गोष्टी फार नाहीत. त्यातली एक दुकानाचीच आहे. आमच्याकडून भांडं रिकामं जात नाही. गिऱ्हाइकाच्या हातात देताना आत चिमूटभर तांदूळ टाकायचे, मग ती कळशी असो की एवढीशी लोटी. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी चालवलं आणि मीही कधी चुकवलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माझा मित्र. तो वरठीला राहतो. तिथल्या पोलादाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, आता निवृत्त आहे. तरुणपणी तो झाडीपट्टीतल्या नाटकांना माइक आणि भोंगे लावायचा. लाखांदूरकडे धान कापून झाल्यावर शेताच्या मोकळ्या बांध्यांत मंडप पडत, तो बल्लीवर, म्हणजे मंडपाच्या लाकडी खांबावर, चढून भोंगा बांधायचा आणि मी खाली शिडी धरायचो. मला नाटकापेक्षा ऑर्गन ऐकायची हौस. कोणता भोंगा फाटला आहे, कुठल्या तारेत गडबड आहे, हे सगळं ऐकून ओळखायला त्यानंच मला शिकवलं. चाळीस वर्षांत त्याच्यावर संशय घ्यावा असं एकदाही वाटलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून ही फार मोठी गोष्ट आहे, हे मला ओळखणारे सांगतील.

साठी उलटल्यावर मी ठरवलं की एक हौस पुरी करायची. जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर येणारे, चांगल्यातले चांगले स्पीकर घ्यायचे. मित्राला घेऊन नागपूरच्या दुकानात गेलो. तिथे पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर खोक्याला टिचकी मारली. ठक्क. एकदम बद्द आवाज. मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "लेका, हे पितळ नव्हे. हे जेवढं मुकं, तेवढं चांगलं. यानं स्वतः वाजायचं नसते, गाणं वाजवायचं असते." वाजल्याशिवाय खरं मानायचं नाही, हे शिकलेल्या माणसाला मुकी वस्तू चांगली म्हणून घ्यायला सांगितली की कसं वाटेल? पण तो म्हणाला म्हणून घेतले. किमतीचा आकडा मी बायकोला सांगितलेला नाही, तेव्हा इथेही सांगत नाही.

टेम्पोतून दोन माणसं खोकी घेऊन आली, दारात उतरवून सही घेऊन निघाली. लावून द्यायला आमचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल म्हणाली. आठवडाभर वस्तू बंद ठेवायची, म्हणजे परत करायची मुदत यांनीच संपवायची, असा मला त्यात डाव दिसला. मी मित्राला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी घेऊन हजर.

त्यानं लावायला चार तास घेतले. स्पीकरला खाली अणकुचीदार पाय होते, ते फरशीवर ओरखडे काढणार, म्हणून त्याच्या सांगण्यावरून मी ओळखीच्या कारागिराकडून पितळेच्या जाड चकत्या करून ठेवल्या होत्या. प्रत्येक पायाखाली एक चकती. मग त्यानं सुतळी काढली. दोन स्पीकर आणि माझी खुर्ची, तिन्हींमध्ये सारखं अंतर पाहिजे म्हणून तो सुतळी ताणून खडूच्या खुणा करत बसला. भिंतीपासून दोन हात पुढे ओढल्यावर एक स्पीकर देवघराच्या वाटेत आला. बायको तांब्या घेऊन अंग चोरून गेली आणि म्हणाली, "पाहुणे आले त बसतात तरी. हे दोघं मधातच उभे राहणार आहेत का?" मित्र हसला, पण स्पीकर बोटभरही हलवला नाही.

मधे मी चहाचं सांगायला आत गेलो. परत आलो तेव्हा तो डाव्या स्पीकरसमोर गुडघ्यावर बसला होता, हातात पेचकस होता आणि सगळ्यात खालच्या मोठ्या पडद्याचे, म्हणजे वूफरचे, पेच आवळत होता. "गाडीच्या धक्क्यानं ढिले झालते," तो म्हणाला आणि पेचकस पिशवीत टाकून चेन ओढली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मग त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यानं तरुणपणी टेपवर केलेलं एका नाटकाचं रेकॉर्डिंग होतं, मुलीकडून त्यात भरून घेतलेलं. पाच मिनिटं लावलं. ऑर्गनचा खालचा सूर आला आणि माझ्या पायाखालची फरशी गुणगुणली. मला गलबलून आलं. मी नाक शिंकरायचं निमित्त केलं. त्यानं तिथेच बंद केलं. "बाकीचं रविवारी. दोघं बसून, सुरुवातीपासून आयकू," म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह माझ्याकडेच ठेवून गेला.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी सुनेनं दोन्ही स्पीकरना हळदकुंकू लावलं. ती लाखांदूरकडच्या शेतकऱ्याच्या घरची. मागच्या वर्षीच लग्न होऊन आली. तिच्या माहेरी नवा ट्रॅक्टर येवो की पाण्याची मोटर, पूजा झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मला त्या गुळगुळीत लाकडावर कुंकवाचं बोट पाहून कसंतरी झालं. ती आत गेल्यावर मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी गुपचूप पेन ड्राइव्ह लावला. ऑर्गनचा तोच खालचा सूर आला आणि त्याबरोबर डाव्या स्पीकरमधून खर्र झालं. परत लावलं, परत खर्र. उजवा साफ होता. डाव्याची तार उजव्याला लावून पाहिली, तरी खरखर डावीकडेच. म्हणजे दोष तारेत नाही, खोक्यात. काल पाच मिनिटं साफ वाजलेली वस्तू रात्रीतून बिघडते कशी?

मी घरात सगळ्यांना उभं केलं. "कोणी हात लावला याले?" माझा आवाज चढला होता. बायको म्हणाली, "मले वाटेतून जायले जागा नाही, हात कायले लावू?" सून खाली बघत राहिली. ती माझ्यासमोर तशीच उभी राहते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुकानात बसलो, पण डोकं तिथेच. शेवटी त्या खोक्याला हात कोणी लावला होता? पेच कोण फिरवत होतं? मी आत गेलो तेव्हाच नेमकं कसं फिरवावंसं वाटलं? आणि मी आल्यावर पिशवीची चेन एवढ्या घाईनं कशाला ओढली? मग आठवलं की त्याच्या घरी त्यानंच प्लायवूडचे बनवलेले दोन स्पीकर आहेत आणि त्यातल्या एकाचा वूफर फाटलेला आहे. बदलायचा आहे, बदलायचा आहे, असं तो वर्षभर म्हणत होता. माप? मापही जवळपास तेच. एवढं सगळं मनात जुळल्यावर दुपारचं जेवण गोड लागलं नाही. गिऱ्हाइकाला मी लोटी दिली ती तांदूळ न टाकता, तो दुकानाबाहेर पडल्यावर लक्षात आलं आणि मागे धावत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरठीला गेलो. स्टेशनकडे काम होतं, सहज आलो, असं सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या गल्लीत शिरलो तर घरातून गाणं ऐकू येत होतं. मी बाहेर थांबून कान दिला. आवाज एकदम साफ. फाटका वूफर असा वाजत नाही, आणि हे मला त्यानंच शिकवलं होतं.

त्यानं आनंदानं आत घेतलं, पाणी दिलं. मी पाणी तसंच ठेवलं आणि विचारलं, "परवा तू माह्या स्पीकरचा पडदा खोलला होता का?"

"खोलला नाही. पेच आवळले. तुह्यासमोर त आवळत होतो."

"मंग डावा खरखर काहून करून राहिला?"

"खरखर?" तो पुढे सरकला. "कोन्या सुराले? थांब, मी आत्ताच येतो पाहाले."

"ते राहू दे. तुह्या घरचा आवाज एवढा साफ कसा झाला, ते सांग."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी त्याला बल्लीवरून पडताना पाहिलं आहे, आईच्या अंत्यविधीत पाहिलं आहे, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यानं गाणं बंद केलं, पेचकस घेतला, आपल्या स्पीकरचे पेच एकेक करून काढले आणि वूफर उचलून माझ्या मांडीवर ठेवला. जुनाच होता. फाटलेल्या कडेला सगळीकडून सुती कापडाची पट्टी गोंदानं चिकटवली होती, इतक्या सफाईनं की शिवण वाटावी.

"पाह्य," तो म्हणाला. "टिचकी मारून पाह्य."

तेव्हा मी उठून त्याचे हात धरायला हवे होते. मी काय केलं, तर तो वूफर उलटा करून मागचा कंपनीचा शिक्का वाचला. ते त्यानं बघितलं. मी शिक्का वाचतो आहे हे त्यानं उभं राहून पूर्ण बघितलं, मग माझ्या हातातून वूफर घेतला आणि पाठ फिरवून परत बसवायला लागला. मी निघालो तेव्हा "ये" म्हणाला नाही. आमच्याकडे निघणाऱ्याला "ये" म्हणतात.

आणि मी असा माणूस की परत येताना रस्त्यावर मनात आलं, त्याच्याकडे दुसरा स्पीकरही आहे, तो कुठे उघडून दाखवला?

रविवार आला. तो आला नाही. फोन नाही, निरोप नाही. खडूच्या खुणांवर खुर्ची ठेवून मी एकटाच बसून राहिलो. लावलं काहीच नाही.

मंगळवारी नागपूरच्या दुकानाचा माणूस आला. मी स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसलो. याचा एक हात दिसला की दुसरा कुठे आहे ते पाहत होतो. त्यानं आधी सुताराच्या कसोशीनं अंतर मोजलं आणि म्हणाला, "काकाजी, लावले कोणी? आम्ही लावतो त्याच्यापेक्षा चांगले लावले आहेत." मग त्यानं डावा वूफर काढला, आतल्या कापसाखाली हात घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यासमोर उघडली.

तांदूळ होते. हळदीनं पिवळे झालेले.

"उंदीर आहेत का जी घरी?" त्यानं विचारलं.

उंदीर तांदळाला हळद लावत नाहीत, एवढं मला कळत होतं. मी वळून पाहिलं. सून दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"मामाजी, ते मीनं टाकले," ती म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. "मांगं भोक दिसलं. हात घातला त आत सारं रिकामं. आपल्या घरात पोकळ वस्तू रिकामी येत नाही म्हणून तुमीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती दुकानातून एक कळशी घरी घेऊन आली आणि तशीच ओट्यावर ठेवली. तेव्हा मी पाहुण्यांसमोर तिला बोललो होतो, की या घरात हे चालत नाही, तुमच्याकडे चालत असेल. तिनं ते मनाशी बांधून ठेवलं. स्पीकरच्या मागे आवाज बाहेर पडायला ठेवलेलं भोक तिला भांड्याचं तोंड वाटलं, आणि तिनं दिवाबत्तीच्या वेळी दोन्हींत चिमूट चिमूट तांदूळ टाकले. उजव्यातले कापसात अडकले. डाव्यातले खाली घरंगळून तारांच्या पट्टीखाली जाऊन बसले आणि खालच्या सुराला नाचायला लागले.

"मंग त्या दिवशी विचारलं तवा सांगतलं काहून नाही?" मी म्हणालो.

बायको म्हणाली, "सांग ना व, आता कायचं भेव?"

"तुमी ज्या नजरेनं पाह्यलं," सून म्हणाली, "मी भेली."

मला तिच्यावर रागवायला काही जागाच उरली नव्हती. घरात शुभ व्हावं म्हणून तिनं तांदूळ टाकले आणि मी चोर शोधत वरठीपर्यंत गेलो. माझीच रीत, माझ्याच सांगण्यावरून. तोंड लपवावंसं वाटलं, आणि ज्याच्याकडे जाऊन लपवावं तो माणूसही मीच घालवून बसलो होतो.

ते दाणे कागदात बांधून मी त्याच दुपारी वरठीला गेलो. पुडी उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, परतीच्या रस्त्यात मनात आलेलं दुसऱ्या स्पीकरचंसुद्धा. त्यानं एक दाणा उचलून पाहिला. "तांदूळ?" म्हणाला आणि हसायला लागला, इतका की ठसका लागला. मी हात जोडले तर त्यानं ते खाली केले. "चाल, झालं ते झालं. सूनबाईले काही बोलू नोको. येतो रविवारी."

तो आला. आम्ही सुरुवातीपासून ऐकलं. मी खुर्ची त्याला दिली आणि मी खाली चटईवर बसलो. नाटक सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डिंगमध्ये मंडपातली गडबड आहे, लोकांचं बोलणं, पोरांचं रडणं. त्या गडबडीत, आजवर कुठल्याही टेपवर ऐकू न आलेला एक आवाज आला. त्याचा, विशीतला. "हे तू धर. मी भोंगा पाहून येतो." आणि लगेच माझा, "जा, मी आहे." तो टेपरेकॉर्डर त्यानं कारखान्यातल्या पहिल्या कमाईतून घेतला होता आणि कोणाला हातही लावू देत नव्हता. त्या रात्री तो माझ्या हातात देऊन निघून गेला होता. मी विसरलो होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग ऑर्गनचा खालचा सूर आला, स्वच्छ, आणि फरशी गुणगुणली.

जाताना तो दारात थांबला. शर्टाचा खिसा उलटा केला, पँटचे दोन्ही खिसे उलटे केले, आणि सगळं टेबलावर मांडलं. किल्ल्या, तंबाखूची डबी, छोटा पेचकस, रुमाल. "पाहून घे बावा," तो म्हणाला. "तुहा पडदा त नाही ना नेऊन राहिलो?" बायको हसली, सून पदराआड हसली, तोही हसला. मीही हसलो. "ये," मी म्हणालो.

त्याला आता दीड वर्ष झालं. तो दर रविवारी येतो, आम्ही ऐकतो, चहा होतो, आणि निघताना तो न चुकता खिसे टेबलावर रिकामे करतो. आता कोणी हसत नाही, घरातल्यांना त्याची सवय झाली आहे. मी दर वेळी म्हणतो, "राहू दे ना गा, कायले?" तो म्हणतो, "असू दे," आणि वस्तू एकेक करून परत खिशात भरतो. किल्ल्या, डबी, पेचकस, रुमाल. तोवर माझ्या मनात त्या मोजून झालेल्या असतात. त्यालाही ते माहीत आहे.